स्लॉपी जो : खिम्याचे रसदार सँडविच, त्याच्या मूळ चवीने

नदीकाठ

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील राज्यांत शाळेच्या उपाहारगृहात, चर्चच्या तळघरातील सामुदायिक जेवणात, मुलांच्या पदवीदानानिमित्त घरी ठेवलेल्या मेजवानीत आणि कामाच्या दिवशी संध्याकाळच्या घाईच्या स्वयंपाकात जो एक पदार्थ हमखास भेटतो, तो म्हणजे स्लॉपी जो. मऊ गोल बन आणि त्यात कांदा, ढोबळी मिरची व टोमॅटोच्या आंबटगोड सॉसमध्ये आटवलेला बीफचा खिमा, एवढाच त्याचा ऐवज आहे. थंडीच्या दिवसांत किंवा दमून घरी आल्यावर आपल्याकडे वरणभाताला जी जागा असते, ती येथील अनेक घरांत या सँडविचला आहे. आम्ही पूर्व आयोवात राहतो आणि या पदार्थाची जन्मभूमी म्हणून ज्या गावांची नावे घेतली जातात, त्यांतील काही याच राज्यात आहेत. त्यामुळे त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. माझ्या ओळखीच्या मराठी घरांत हा पदार्थ होतो तेव्हा त्यात बहुधा आले-लसणाचे वाटण, गरम मसाला आणि कोथिंबीर पडते, आणि शेवटी ताटात येतो तो खिमा-पावच. खिमा-पाव मलाही मनापासून आवडतो. परंतु स्लॉपी जो हा बिनमसाल्याचा, कमी प्रतीचा खिमा आहे आणि आपण तो सुधारून घ्यायला हवा, अशी जी समजूत त्यामागे असते ती मला मान्य नाही. त्याची चव मांसाच्या खरपूसपणावर, आंबट आणि गोड यांच्या तोलावर आणि सॉस किती आटवला यावर उभी असते. या तीन गोष्टी साधल्या तर मसाल्याची उणीव भासत नाही, आणि साधल्या नाहीत तर कितीही मसाला घातला तरी सॉस पातळच राहतो.

इतिहासाबद्दल थोडक्यात सांगते. आयोवाच्या पश्चिम टोकाला असलेल्या सू सिटीत आणि पूर्वेकडे मिसिसिपीकाठच्या मस्कटीनमध्ये सुट्या खिम्याचे सँडविच शंभर वर्षांपूर्वीपासून खाल्ले जात आहे. मस्कटीनमध्ये फ्रेड एंजेल यांनी १९२६ साली मेड-राइट हे दुकान सुरू केले आणि त्या नावाची उपाहारगृहे आजही चालतात. मात्र त्या सँडविचात टोमॅटो नसतो. वाफवल्यासारखा शिजवलेला खिमा, कांदा, मोहरीचा सॉस आणि लोणच्याची काकडी एवढेच त्यात असते. सू सिटीतील जो नावाच्या एका स्वयंपाक्याने त्यात टोमॅटोचा सॉस घातला आणि नवा पदार्थ झाला, असे सांगितले जाते. दुसरी कथा क्यूबाकडे बोट दाखवते. हवानात स्लॉपी जोज नावाचा प्रसिद्ध बार होता आणि फ्लोरिडातील की वेस्ट येथील १९३३ साली उघडलेल्या बारने पुढे तेच नाव घेतले. या दोन्ही कथांपैकी एकीची निवड करण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. १९३०च्या दशकातील महामंदीत खिम्यात ओट किंवा पावाचा चुरा मिसळून थोड्या मांसात घरातील सर्वांचे पोट भरण्याची रीत घरोघरी होती, आणि हा पदार्थ त्याच वातावरणात वाढला, हे मात्र नक्की. पुढे १९६९ साली हंट्स कंपनीने मॅनविच नावाचा डबाबंद सॉस बाजारात आणला आणि अनेक घरांत स्लॉपी जो म्हणजे परतलेल्या खिम्यावर ओतलेला डबा, असे समीकरण होऊन बसले. डब्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, पण घरी केलेला सॉस अर्ध्या तासात होतो आणि त्यातील साखर आपल्या हातात राहते.

आता कृती. चार जणांसाठी एक पाउंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, बीफचा खिमा घ्यावा. येथे पाकिटावर मांस आणि चरबी यांचे प्रमाण लिहिलेले असते, त्यातील ८५ टक्के मांस आणि १५ टक्के चरबीचे पाकीट या कामाला सर्वांत योग्य आहे. ८०-२० घेतले तरी चालते, फक्त शिजवल्यावर चरबी जास्त निथळावी लागते. ९३-७ चा खिमा मात्र कोरडा आणि रवाळ होतो. त्याखेरीज एक मध्यम कांदा, अर्धी हिरवी ढोबळी मिरची, लसणाच्या दोन पाकळ्या, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, पाऊण कप केचप, एक मोठा चमचा ब्राउन शुगर, एक मोठा चमचा ॲपल सायडर व्हिनेगर, दोन छोटे चमचे वुस्टरशर सॉस, एक छोटा चमचा पिवळा मस्टर्ड, मीठ, मिरपूड आणि अर्धा ते पाऊण कप पाणी एवढे साहित्य लागते. कांदा आणि ढोबळी मिरची अगदी बारीक चिरावी, कारण त्यांचे तुकडे खिम्याच्या दाण्यापेक्षा मोठे राहिले तर घास एकजीव लागत नाही.

बिडाचे किंवा जाड बुडाचे पसरट भांडे चांगले तापू द्यावे आणि त्यात तेल न घालता खिमा सपाट थापून ठेवावा. आपला हात सवयीने लगेच उलथने घेऊन तो मोकळा करू लागतो, तो येथे आवरायला हवा. चार-पाच मिनिटे खिमा हलवायचा नाही. खालची बाजू गडद तपकिरी झाली की त्याचे मोठे तुकडे करून उलटावे आणि मगच उलथन्याच्या कडेने बारीक फोडावे. सगळा खिमा एकसारखा तपकिरी करण्याचा हट्ट धरू नये, कारण सगळाच तसा केला तर तो चिवट होतो. एक बाजू खरपूस आणि उरलेला मऊ, अशा मिश्रणातूनच चव आणि पोत दोन्ही मिळतात.

खिमा बाजूला काढून भांड्यात एक मोठा चमचा चरबी ठेवावी आणि बाकीची निथळून टाकावी. तिच्यात कांदा व ढोबळी मिरची चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर मऊ करावी, मग लसूण, आणि मग टोमॅटो पेस्ट घालून ती विटकरी रंगाची होईपर्यंत परतावी. पेस्ट परतण्याच्या या एका मिनिटाने सॉसमधला कच्चा आंबटपणा जातो. मग पाणी घालून तळाला चिकटलेला खरपूस थर लाकडी उलथन्याने सोडवून घ्यावा, त्यात केचप आणि बाकीचे सर्व पदार्थ घालावेत, खिमा परत टाकावा आणि झाकण न ठेवता मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे आटू द्यावे. उलथने तळातून ओढले असता भांड्याचा तळ क्षणभर दिसला आणि रस लगेच धावून आला नाही, की झाले. सॉस खिम्याला लगडलेला असावा, खिमा सॉसमध्ये पोहत नसावा. आटल्यावर चव पाहून व्हिनेगर किंवा साखर थेंबाथेंबाने, चिमटीने वाढवावी. आधी वाढवू नये, कारण आटताना दोन्ही चवी तीव्र होतात.

---

दुपारतिठा

अतिशय सविस्तर लेखन आहे, आभार. मी पुण्यात राहते आणि आमच्या घरी बीफ खाल्ले जात नाही. बोकडाच्या मटणाच्या खिम्याचा किंवा कोंबडीच्या खिम्याचा असा पदार्थ करता येईल का? दुसरी अडचण अशी की मी खिमा परतायला घेते तेव्हा त्याला भरपूर पाणी सुटते, तो त्या पाण्यातच शिजतो आणि खरपूस असा होतच नाही. पाणी आटेपर्यंत परतत राहिले तर दाणे कडक होतात. यावर काही उपाय असल्यास कृपया सांगावा. शिवाय पाऊण कप केचप ऐकूनच फार गोड होईल अशी शंका येते.

---

नदीकाठ

बोकडाच्या खिम्याचा निश्चित करता येईल. चव वेगळी होईल, कारण बोकडाच्या मांसाला स्वतःचा वास असतो आणि तो या साध्या सॉसमध्ये झाकला जात नाही. म्हणून मिरपूड आणि मस्टर्ड किंचित वाढवावे आणि खाटकाला थोडी चरबी घालून दोनदा काढायला सांगावे. शिजायलाही त्याला जास्त वेळ लागतो, तेव्हा सॉस घातल्यावर आधी झाकण ठेवून मऊ करावे आणि मग उघडे आटवावे. कोंबडीचा खिमा करायचा असेल तर मांडीचे मांस घ्यावे. छातीच्या मांसाचा खिमा या पदार्थात भुसभुशीत लागतो. येथे बीफ न खाणारी बरीच माणसे टर्कीचा खिमा वापरतात. त्यात चरबी कमी असल्यामुळे एक चमचा तेल किंवा लोणी आणि थोडा जास्त वुस्टरशर सॉस लागतो.

पाणी सुटण्याची तीन कारणे असतात. खिमा थेट फ्रीजमधला असतो, भांडे पुरेसे तापलेले नसते, किंवा भांडे लहान असून त्यात खिम्याचा ढीग झालेला असतो. ढिगातली वाफ बाहेर पडत नाही आणि पाणी असेपर्यंत तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. मांस खरपूस होण्यासाठी मात्र त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून पसरट भांडे घ्यावे आणि खिमा जास्त असेल तर दोन खेपांत परतावा. आणखी एक खात्रीचा उपाय आहे. ४५० ग्रॅम खिम्याला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून चोळावा आणि पंधरा मिनिटे ठेवावे. सोड्याने मांसाची आम्लता कमी होते, त्यामुळे त्यातील प्रथिने तापल्यावर तितकी घट्ट आवळली जात नाहीत, पाणी आतच राहते आणि रंगही लवकर येतो. पाव चमच्याच्या वर जाऊ नये, नाहीतर सोड्याची चव लागते.

केचपच्या गोडीची शंका रास्त आहे. तसे वाटत असल्यास निम्मे केचप आणि निम्मी घट्ट टोमॅटो प्युरी घ्यावी, ब्राउन शुगर सुरुवातीला पूर्ण वगळावी आणि शेवटी चव पाहून लागली तरच घालावी. ब्राउन शुगर म्हणजे मळी असलेली साखर. तिच्याऐवजी गूळ उत्तम चालतो.

---

सागरवाट

मी वसईचा आहे आणि आमच्या ख्रिस्ती घरांत खिमा हा नित्याचा पदार्थ आहे, म्हणून येथील परिस्थितीबद्दल लिहितो. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचे मांस त्या बंदीत येत नाही, म्हणून बाजारात ज्याला मोठ्याचे मटण म्हणतात ते म्हशीचेच असते. ज्यांना अमेरिकन कृतीतील बीफच्या जवळ जायचे आहे, त्यांना आपल्याकडे तेच घ्यावे लागेल, पण ते एकास एक असे बदलता येत नाही.

म्हशीचे मांस रंगाने अधिक गडद असते आणि त्यात चरबी फारच कमी असते. जनावर वयस्क असेल तर तंतूही जाड असतात. म्हणून खाटकाकडे मांस निवडतानाच थोडी चरबी वेगळी मागून ती खिम्यात घालून घ्यावी. खिमा जाड जाळीतून एकदा आणि बारीक जाळीतून एकदा काढून घ्यावा. तेल न घालता परतण्याची सूचना येथे चालणार नाही, दोन मोठे चमचे तेल लागेलच. नदीकाठ यांनी सांगितलेली पंधरा-वीस मिनिटे आमच्या खिम्याला पुरत नाहीत. सॉस घातल्यावर एक कप पाणी जास्त घालून, झाकण ठेवून पाऊण तास मंद शिजवावे आणि नंतर झाकण काढून आटवावे. घाई असेल तर परतलेला खिमा पाण्यासह कुकरमध्ये मऊ करून मग सॉसमध्ये घ्यावा.

व्हिनेगरबद्दल एक सूचना करावीशी वाटते. ॲपल सायडर व्हिनेगर येथे महाग पडते. ज्यांना वसईत किंवा गोव्यात माडाच्या ताडीचा सिरका मिळतो त्यांनी तो जरूर वापरावा. बाटलीतल्या पांढऱ्या व्हिनेगरपेक्षा त्याची आंबट चव सौम्य आणि गोलाईची असते आणि मांसाशी तिचे फार चांगले जुळते.

---

चिंचबन

वुस्टरशर सॉसविषयी कोणी विचारले नाही, पण ते सांगणे आवश्यक आहे. इंग्लंडमधील वुस्टर येथील ली अँड पेरिन्स यांनी १८३७ पासून विकायला आणलेल्या या सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे लहान मासे असतात. त्यामुळे मांसाऐवजी डाळ वापरून हा पदार्थ शाकाहारी करणाऱ्यांनी बाटलीवरील यादी वाचूनच तो घ्यावा. त्याच यादीत चिंचही असते, आणि घरी पर्याय करायचा असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. एक छोटा चमचा घट्ट चिंचेचा कोळ, एक छोटा चमचा सोया सॉस, पाव चमचा गूळ आणि काही थेंब व्हिनेगर हे मिश्रण मी वापरते आणि या सॉसमध्ये ते चांगले बसते. चिंचेने आलेली खोली नुसत्या व्हिनेगरने येत नाही.

मी न्यू जर्सीत राहते, म्हणून आणखी एक खुलासा करते. येथील काही भागांत स्लॉपी जो मागितले तर अगदी निराळा पदार्थ मिळतो. साउथ ऑरेंज आणि आसपासच्या गावांतील डेलींमध्ये, म्हणजे तयार मांस व सँडविचे विकणाऱ्या दुकानांत, या नावाने राय ब्रेडचे तीन थरांचे थंड सँडविच मिळते. त्यात कापलेले मांस, स्विस चीज, कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग असते. त्याचा खिम्याशी काहीही संबंध नाही.

---

आडवाट

कृती उत्तम आहे यात शंका नाही, परंतु मूळ मुद्द्यावर मला मतभेद नोंदवायचा आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांतला खिमा-पाव खाऊन वाढलेल्या माणसाला खिमा आणि पाव एकत्र दिसले की हिरवी मिरची, आले आणि लिंबू यांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. पदार्थ ज्या घरात जातो त्या घराची चव घेतो. अमेरिकेत इटालियन आणि मेक्सिकन पदार्थांचेही तेच झाले. मग मराठी घरात स्लॉपी जोमध्ये चमचाभर गरम मसाला पडला तर तो बिघडला असे का मानावे? घरच्या माणसांना आवडेल तसे रांधणे हाच तर अशा जेवणाचा हेतू असतो.

---

नदीकाठ

आडवाट, तुमचा मुद्दा मोलाचा आहे आणि घरच्यांना आवडेल ते रांधावे याला माझा विरोध नाही. माझे म्हणणे चवीच्या मालकीबद्दल नसून शिजवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. खिमा-पावाच्या खिम्यात कांदा आणि वाटण तेलात तेल सुटेपर्यंत भाजले जाते, आणि ती सुटलेली चरबी मसाल्याचा वास वाहून नेते. तेथे वर आलेला तवंग हा पदार्थ जमल्याची खूण मानला जातो, आणि त्या रसात पाव बुडवून खायचा असतो. स्लॉपी जोमध्ये याच्या बरोबर उलट आहे. चरबी आधीच निथळून टाकलेली असते, केचप, मस्टर्ड आणि आटलेली साखर मिळून सॉसला दाटपणा देतात, आणि बनच्या दोन भागांत तो धरून राहावा अशी अपेक्षा असते. या गोड, दाट सॉसमध्ये गरम मसाला घातला तर लवंग आणि दालचिनी साखरेसोबत अतिशय ठळक होतात आणि मांसाची चव मागे पडते. म्हणजे मसाला वाईट नाही, त्याला लागणारे तेलाचे माध्यमच येथे नाही.

तिखट हवे असेल तर मार्ग आहेत. कांद्यासोबत एक हिरवी मिरची बारीक चिरून परतावी, किंवा वरून व्हिनेगरमधल्या हालापिन्यो मिरच्यांच्या चकत्या ठेवाव्यात. त्या आंबट असल्यामुळे गोड सॉसला फार चांगल्या लागतात. येथील अनेक घरगुती कृतींत चिली पावडर असते, पण ती आपले लाल तिखट नव्हे, हे आवर्जून सांगायला हवे. अमेरिकन चिली पावडर हे सौम्य मिरची, जिरे, ओरेगॅनो आणि लसूण यांचे मिश्रण असते आणि ती छोटा चमचाभर घालतात. त्या प्रमाणात आपले तिखट घातले तर मुलांना खाता येणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे की एकदा मसाल्याशिवाय करून पाहावे. गोड, आंबट आणि खरपूस यांचा तोल जिभेला कळला की पुढे काय वाढवायचे ते प्रत्येकाने आपल्या घरापुरते ठरवावे.

---

आडवाट

तेलाच्या माध्यमाचा मुद्दा पटला. हिरवी मिरची आणि हालापिन्यो घेऊन करून पाहीन, गरम मसाला बाजूला ठेवीन.

---

उंबरठा

आमच्या येथे ओहायोत उन्हाळ्यात मित्रमंडळींची सहल असते आणि चाळीसेक माणसांसाठी हा पदार्थ करावा असा विचार आहे. स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद उष्णतेवर बराच वेळ शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, सगळे कच्चेच घालून सकाळी लावून दिले तर चालेल का? प्रमाण काय धरावे, आणि सहलीच्या जागी तो किती वेळ ठेवता येईल?

---

नदीकाठ

कच्चा खिमा थेट स्लो कुकरमध्ये घालू नये असे मी आग्रहाने सांगेन. एक कारण चवीचे आहे, कारण स्लो कुकर इतक्या मंद उष्णतेवर चालतो की त्यात खरपूसपणा येतच नाही आणि खिम्याचे घट्ट गोळे होतात. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि भाजताना मरतात. खिमा करताना तो पृष्ठभाग आत मिसळला जातो, म्हणून खिमा आतपर्यंत पूर्ण शिजणे अनिवार्य आहे. १९९३ साली अमेरिकेत एका मोठ्या साखळी उपाहारगृहाच्या अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून ई. कोलायची साथ पसरली होती आणि त्यात लहान मुलांचे प्राण गेले होते. त्यानंतर १९९४ मध्ये ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू असलेला बीफचा कच्चा खिमा कायद्याने भेसळयुक्त ठरवण्यात आला. अमेरिकी कृषी खात्याची सूचना अशी आहे की बीफ, डुक्कर किंवा मेंढीच्या मांसाचा खिमा १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सियसपर्यंत, आणि कोंबडी व टर्कीचा खिमा १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सियसपर्यंत शिजवावा. नुसत्या रंगावरून ठरवू नये. थर्मामीटर स्वस्त आहे, तो घ्यावा.

चाळीस माणसांसाठी दहा पाउंड खिमा पुरतो. एका पाउंडात चार भरगच्च किंवा पाच बेताची सँडविचे होतात. आदल्या दिवशी घरी खिमा खेपाखेपाने परतून, सॉससह पूर्ण शिजवून, उथळ भांड्यांत पसरून थंड करावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा. मोठ्या खोल पातेल्यात तसाच ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि ते धोक्याचे असते. सहलीच्या दिवशी तो शेगडीवर उकळी येईपर्यंत गरम करून मगच स्लो कुकरमध्ये घालावा, कारण थंड अन्न गरम करणे हे त्या यंत्राचे काम नव्हे. तेथे तो १४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ६० अंश सेल्सियसच्या वर राहिला पाहिजे. सहलीच्या जागी विजेची सोय आहे ना, हे आधीच विचारून घ्यावे. झाकणामुळे वाफ बाहेर जात नाही, म्हणून सॉस घरीच हवा तितका दाट करून न्यावा, तेथे तो आटणार नाही. उरलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा, आणि उन्हाळ्यात बाहेर तापमान ९० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर एका तासातच. फ्रीजमध्ये तो तीन-चार दिवस चांगला राहतो. दुसऱ्या दिवशी त्याची चव अधिक मुरलेली लागते, म्हणून थोडा मुद्दाम जास्त करावा असे माझे मत आहे.

येथील चर्चच्या जेवणांत काही बायका खिम्यात चिकन गंबो सूपचा डबा घालतात. त्यातील भात आणि भेंडी यांमुळे मिश्रण दाट होते व जास्त माणसांना पुरते. मोठ्या संख्येसाठी ही युक्ती उपयोगाची आहे, फक्त त्या सुपात मीठ बरेच असते, तेव्हा वरून मीठ घालू नये.

---

रानवेल

शाकाहारी माणसांसाठी कोणी केले आहे का? सोया ग्रॅन्युल्स की मसूर, यांत कशाला प्राधान्य द्यावे?

---

चिंचबन

माझ्या घरी दोन्ही होतात आणि मी अख्ख्या मसुराला प्राधान्य देते. मसूर वेगळा शिजवून, दाणा अखंड पण दाबल्यावर मऊ असा ठेवावा आणि पाणी निथळावे. कांदा व ढोबळी मिरची तेलात चांगली लाल करावी, कारण मांसाचा खरपूसपणा येथे नसल्यामुळे तेवढी भर कांद्यानेच घालायची असते. बारीक चिरलेले मशरूम कोरडे होईपर्यंत परतून घातले तर आणखी चांगले. मग मसूर घालून त्यातला एक चतुर्थांश भाग पळीने ठेचावा, म्हणजे सॉस धरून राहतो. सोया ग्रॅन्युल्स वापरायचे असतील तर गरम पाण्यात भिजवून, दोन-तीन वेळा धुऊन अगदी घट्ट पिळून काढावेत आणि तेलात परतावेत. तसे न केल्यास त्यांचा वास राहतो आणि सॉस पातळ होतो.

---

दुपारतिठा

बोकडाच्या खिम्याचे करून पाहिले. सोड्याचा उपाय पूर्ण यशस्वी झाला, पाणी जवळजवळ सुटलेच नाही. निम्मे केचप आणि निम्मी प्युरी घेतली, गूळ चिमूटभरच लागला, आणि घरच्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. एकच प्रश्न उरला आहे. मी लादी पाव वापरला आणि खालचा भाग ओला होऊन हातात तुटला. येथे मिळणारे बर्गर बन घ्यावेत का?

---

नदीकाठ

फार आनंद झाला. बर्गर बन घ्यावेत, आणि शक्य असेल तर दूध व लोणी घातलेले किंवा बटाट्याचे बन घ्यावेत, कारण त्यांचा गर मऊ असूनही दाट असतो. लादी पावात भोके मोठी असतात आणि कडांना कवच नसते, त्यामुळे तो रस शोषून घेतो. त्याचाच वापर करायचा असेल तर आदल्या दिवशीचा पाव घ्यावा. कोणताही बन घेतला तरी कापलेल्या दोन्ही बाजूंना लोणी लावून तव्यावर सोनेरी होईपर्यंत भाजावे. लोण्याचा थर आणि कडक झालेला पृष्ठभाग रसाला काही मिनिटे तरी अडवतो. खिमा आचेवरून उतरवल्यावर पाच मिनिटे थांबावे, तेवढ्यात सॉस आणखी दाट होतो. मग खालच्या भागावर अर्धा कपच खिमा ठेवावा, व्हिनेगरमधल्या काकडीच्या दोन चकत्या पाणी टिपून वर ठेवाव्यात आणि सँडविच भरल्याबरोबर खायला द्यावे. मंडळी उशिरा येणार असतील तर खिमा झाकून गरम ठेवावा आणि बन जेवायला बसल्यावरच भरावेत.